पाचवीची दुसरी सुपारी

या सदरातले अनुभव मी चवीने वाचतो आणि मनातल्या मनात त्यांच्या चुका काढतो. कोणी लिहितं, घाटाच्या वळणावर बाई उभी दिसली... मी म्हणतो, गाडीचे दिवे तपासून घ्या. कोणी लिहितं, बंद खोलीतून पैंजण वाजले... मी म्हणतो, प्लंबर बोलवा. आमची ही म्हणते, "तुमच्यापुढे भूत उभं राहिलं तर तुम्ही आधी त्याचं सॅम्पल मागाल." मागीन की! त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलोय याची लाज वाटते, हे आधीच सांगतो. पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची आहे. ती सांगितल्याशिवाय हा अनुभव सांगता येत नाही, म्हणून इतके दिवस गप्प होतो.

राहायला आम्ही थेरगावात, डांगे चौकाच्या मागे. नोकरी चाकणला, एमआयडीसीत. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठमोठ्या शेडच्या मधोमध आमची एक लहानशी प्रयोगशाळा आहे. औषध कंपन्या नवीन औषध पाठवतात, ते लिव्हरवर काय परिणाम करतं ते आम्ही तपासून कळवतो. बसमध्ये एका वेल्डरने एकदा विचारलं होतं, "काका, तुमच्या कंपनीत काय बनतं?" मी सरळपणे सांगितलं, "काही बनत नाही रे, आम्ही उंदरांच्या लिव्हरच्या पेशी वाढवतो." त्या दिवसापासून अख्खी बस मला उंदीरकाका म्हणते.

काम थोडक्यात सांगतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे. पांढरी, खास पाळलेली उंदरीण. व्यायला दोन-तीन दिवस उरलेले असताना तिला भूल देतात आणि पोटातली पिल्लं बाहेर काढतात. आई आणि पिल्लं तिथेच संपतात. समितीची परवानगी वगैरे सगळं रीतसर असतं. पिल्लांच्या लिव्हरच्या पेशी मात्र सुट्या करून आम्ही बशांमध्ये, पोषक द्रवात, उबदार पेटीत ठेवतो. तिथे त्या आठवडाभर छान जगतात.

या पेशींमध्ये एक एन्झाइम असतं. रक्तातला पिवळा कचरा, म्हणजे बिलिरुबिन, बाहेर टाकण्याजोगा करायचं काम त्याचं. पिल्लू पोटात असतं तोवर हे काम आईच उरकते, त्यामुळे ते एन्झाइम झोपलेलं असतं. जन्माच्या सुमाराला ते जागं होतं. बशीतल्या पेशींना मात्र जन्म झालाय हे सांगणारं कोणी नसतं, म्हणून तिथे ते झोपूनच राहतं. विशिष्ट हॉर्मोन घातलं तरच उठतं. आम्ही बशांचे तीन गट करतो. एकात हॉर्मोन, एकात गिऱ्हाइकाचं औषध आणि तिसऱ्यात काहीच नाही. या तिसऱ्याला कंट्रोल म्हणतात. रोज सकाळी प्रत्येक गटातल्या थोड्या बशा काढून तपासायच्या. एन्झाइम जागं असलं तर शेवटी नळीत गुलाबी रंग येतो, झोपलेलं असलं तर येत नाही. कंट्रोलच्या नळीत गुलाबी रंग येता कामा नये. माझी सगळी नोकरी या एका वाक्यावर उभी आहे.

तर गेल्या वर्षी, एका सकाळी मी आणि केतकी नव्या बशा लावत होतो. केतकी म्हणजे माझी सहकारी, आकुर्डीची. वडील कारखान्यात होते, घरात बाबासाहेबांचा फोटो आणि पुस्तकांचं कपाट. देव-देवस्की या विषयात माझ्याहून कडक. आमचं दोघांचं त्यामुळे उत्तम जमतं. हातमोजे काढून बाहेर आलो, लॉकरमधला फोन बघितला, तर हिचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. आमची मुलगी मीनल रावेतला राहते. तिचे दिवस भरायला अजून महिनाभर होता. पण बीपी एकदम वाढलं आणि तिला चिंचवडच्या एका हॉस्पिटलात सिझेरियनला आत घेतलं होतं.

मी पोचलो तोवर नात झाली होती. दोन तळहातांत मावेल एवढी. लगेच काचेच्या पेटीत ठेवली. बाहेरून बघताना माझ्या डोक्यात काय आलं माहितीये? सकाळी लावलेल्या बशा आल्या. त्याही वेळेआधी बाहेर काढलेल्या, त्याही उबदार पेटीत. स्वतःच्याच डोक्याची शिसारी आली. आजोबाला सुचावी अशी ही गोष्ट नव्हे.

तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं पडायला लागलं. कावीळ. निळ्या दिव्याखाली ठेवली, डोळ्यांवर पट्टी बांधून. लवकर जन्मलेल्या बाळांत हे होतंच, असं डॉक्टर म्हणाले. मलाही ते ठाऊक होतं. तिच्या लिव्हरमधलं तेच एन्झाइम अजून झोपलं होतं, ज्याच्यावर मी पोट भरतो. चौथ्या दिवशी मात्र आकडा दिव्याला दाद देईना. डॉक्टर म्हणाले, "अजून दीड-दोन दिवस वाट बघू. उतरलं नाही तर रक्त बदलावं लागेल." इतरांनी रक्त बदलणं एवढंच ऐकलं. ते पिवळं मेंदूत उतरलं तर पुढे मूल कसं होतं, हे त्या पॅसेजमध्ये फक्त मला माहीत होतं. मी कोणाला बोललो नाही. आणि भ्यायलेला माणूस गप्प बसला की मग जे बोलतो ते वाकडंच बोलतो.

पाचव्या दिवशी दुपारी आमच्या विहीणबाई आल्या. जावयाची आई. चाकणच्या पलीकडच्या एका गावातल्या. त्यांची अर्धी जमीन कंपन्यांत गेलीय, उरलेल्या अर्ध्यात त्या अजून स्वतः कांदा लावतात. हातात जड कापडी पिशवी. मला म्हणाल्या, "पाव्हणं, आज पाचवी हाय. सटवाई आज बाळाच्या कपाळावर लिहून जाती. पाटा काय मी आणला न्हाई, वरवंटा आणलाय. बाळाच्या उशाशी घटकाभर ठिवू देत्याल का? तुमी शिकल्यालं हायसा, तुमी डाक्टरला इचारा."

मी काय करायला हवं होतं? डॉक्टरांना विचारायला हवं होतं. ते नाही म्हणाले असते, मी येऊन सांगितलं असतं, विषय संपला असता. पण पॅसेजमध्ये दहा माणसं होती. जावयाचे मित्र, हिची बहीण, दोन नर्स. आणि आमच्या घरात गोष्टी रंगवून सांगायचं खातं माझ्याकडे असतं ना...

मी म्हणालो, "विहीणबाई, आत चप्पलसुद्धा नेऊ देत नाहीत, तुम्ही वरवंटा नेताय?"

दोघं-तिघं हसले. हसले म्हटल्यावर मी सुटलो.

"आणि सटवाईला आधी सॅनिटायझर लावावं लागेल. मास्क लावावा लागेल. बरं, लिहिणार कुठे? कपाळावर तर टोपी ओढलीय. परत यायला लागेल बिचारीला, अपॉइंटमेंट घेऊन!"

नर्ससुद्धा हसली. जावई जमिनीकडे बघत होता. विहीणबाईंनी पदर सारखा केला आणि शांतपणे विचारलं, "मग ह्यो पिवळेपणा उतरतो कशानं?"

मी गप्प बसायचं सोडून त्यांना लेक्चर दिलं. लिव्हर, एन्झाइम, सगळं. म्हणालो, "माझ्याकडे बशीत उंदराच्या पिल्लांच्या पेशी आहेत, त्यांच्यातही हेच असतं. औषध घातलं की उठतं. पूजा करून उठत नाही."

"पिल्लांची आई?"

"आई... नसते मग."

"मंजी पिल्लं जल्मलीच न्हाईत?"

"नाही. जन्माच्या आधीच काढतो."

"पर जिती हायत."

"पेशी जिवंत असतात हो. पिल्लं नाही."

"व्हय का," एवढंच म्हणाल्या. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही... रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग वरवंट्याची पिशवी उचलून जिन्याकडे गेल्या. लिफ्ट त्यांना आवडत नाही. मी पिशवीला हातसुद्धा लावला नाही. बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "झालं समाधान?"

त्या संध्याकाळी मी लॅबला गेलो. घरी बसवेना. बशांचं द्रव बदलायचं होतं, ते केतकी करतच होती. मी कंट्रोलच्या बशा पेटीत परत ठेवत होतो आणि... लिहितो बाबा, एकदाच लिहितो. मी त्या बशांना म्हणालो, "ऊठ गं सोने. ऊठ आता."

दुपारी दहा माणसांसमोर एका बाईच्या श्रद्धेची टर उडवणारा माणूस संध्याकाळी उंदरांच्या पेशींना लाडीगोडी लावत होता. मागे वळलो तर केतकी उभी. मी काचा पुसल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची तपासणी. मी रजेचा अर्ज लिहीत बसलो होतो, हॉस्पिटलात जायचं म्हणून. तेवढ्यात केतकीची हाक आली, "सर, जरा इकडे या. लगेच."

रॅकमध्ये तीन रांगा. हॉर्मोनची गुलाबी, बरोबर. गिऱ्हाइकाच्या औषधाची फिकट, तीही समजण्यासारखी. आणि कंट्रोलची रांग... गुलाबी. नुसती झाक नाही, हॉर्मोनच्या रांगेइतकी गडद. आदल्या दिवशीपर्यंत ती रांग पाण्यासारखी होती.

"रॅक उलटा लावलास," मी म्हणालो.

"लेबलं बघा."

लेबलं बरोबर होती. आम्ही कंट्रोलच्या उरलेल्यांतल्या आणखी थोड्या बशा काढल्या आणि पुन्हा पहिल्यापासून तपासलं, या वेळी माझ्या हाताने. रंग चढायला लागला तेव्हा मी खुर्चीत बसलो. गुलाबी. तितकाच.

मी त्या रंगाकडे बघत असतानाच रिसेप्शनवरून निरोप आला, घरून फोन आहे. ही रडत होती. मग म्हणाली, "उतरलं हो! सकाळच्या रिपोर्टात उतरलंय. रक्त बदलायचं नाही म्हणाले."

"किती आलं?"

"मला नाही माहीत किती! उतरलं म्हणतेय ना! आजोबा आहात का कारकून?"

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर तुम्ही माझ्याआधी धावत सुटाल. बाळाचं कोडं नाही. निळ्या दिव्याने बहुतेक बाळांची कावीळ उतरते, कधी एक दिवस उशिराने उतरते. तशी आमचीही उतरली. डॉक्टरांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. मलाही वाटत नाही. कोडं आहे ते बशांचं. त्यांच्यावर कोणी निळा दिवा लावला नव्हता. त्यात आम्ही काहीच घातलं नव्हतं. काही न घालणं हेच तर त्यांचं काम.

कंट्रोल बिघडला की अख्खा प्रयोग रद्द. नियमाप्रमाणे उरलेल्या सगळ्या बशा, जाग्या झालेल्यासुद्धा, त्याच दुपारी ब्लीचमध्ये बुडवायच्या. मीच बुडवल्या.

मग चौकशी बसली. आमचे मोठे साहेब, क्वालिटीवाले, आम्ही दोघं. द्रवाच्या बाटल्या बाहेरच्या लॅबमध्ये पाठवल्या; त्यात हॉर्मोन नव्हतं. पेटीचं तापमान नीट होतं. साहेबांनी विचारलं, "मग काय झालं असेल?" आणि मी, जो इतकी वर्षं तिच्याबरोबर काम करतो, मी म्हणालो, "ह्युमन एरर नाकारता येत नाही." म्हणताना केतकीकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, त्या बशांना हात लावणारे ह्युमन दोनच होते आणि त्यातला एक मी बोलत होतो.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सर, तुम्ही हे कुठल्या देवीवर घालणार नाही हे मला माहितीये. पण म्हणून माझ्यावर घालू नका."

"मी तसं नाही..."

"आणि तुम्ही त्यांना सोने म्हणालात ते मी साहेबांना सांगितलं नाही. सांगू का? तोही एक घटकच आहे."

मी परत आत गेलो आणि साहेबांना सांगितलं की दुसरी तपासणी संपूर्ण माझ्या हातची होती, केतकीची चूक नाही. रिपोर्टात शेवटी 'कारण आढळले नाही' असं गेलं. प्रयोग नव्या पेशींवर पुन्हा झाला. त्यात कंट्रोल शेवटपर्यंत झोपलेला. त्यानंतरच्या प्रत्येक वेळीही.

इथवर असतं तर मी हे कधी लिहिलं नसतं. चूक कुठेतरी झाली, सापडली नाही, असं म्हणून पचवलं असतं. लॅबमध्ये असं होतं.

बारसं उशिरा केलं, बाळाने चांगलं बाळसं धरल्यावर. रावेतला, मीनलच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. विहीणबाई सकाळपासून घुगऱ्यांच्या पातेल्याशी होत्या. मी त्यांना जमेल तितकं टाळत होतो. म्हणजे नमस्कार केला, पाणी विचारलं, पण पॅसेजमधलं ते बोलणं दोघांच्या मध्ये उभंच होतं. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. वाक्यही तयार होतं, बसमध्ये पाठ केलेलं. पण दर वेळी कोणीतरी मध्ये यायचं, आणि मी त्या कोणीतरीचे मनोमन आभार मानायचो.

शेवटी त्यांनीच गाठलं. हॉलबाहेर चपलांच्या ढिगापाशी.

"पाव्हणं, येक सांगते, रागावू नगा. मी पाचवी केली."

"अहो, मी कशाला रागावू..."

"दवाखान्यात न्हाई. घरी जाऊन. दिवेलागणीला पाटा मांडला, वरवंटा मांडला, कोरा कागूद ठिवला. बाळ न्हवतं तर बाळाच्या नावाची सुपारी ठिवली." जरा थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "आन् तिच्याशेजारी दुसरी सुपारी ठिवली. तुमच्या त्या बशीतल्या पिल्लांची."

मी चपलेत घातलेला पाय परत बाहेर काढला.

"तुमी म्हनला ना, आई न्हाई, जल्मबी न्हाई, पर जिती हायत. त्यांची पाचवी कोन करनार? म्हनून केली. आपल्या पोरीची करताना त्यांची र्‍हाईली तर बरं न्हाई वाटलं."

"काय... काय मागितलंत त्यांच्यासाठी?"

"मागायचं काय? म्हटलं, बाई, ह्यांचाबी जल्म झाला म्हनून लिही."

आतून पाळणा म्हणायचा आवाज येत होता. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं असावं, कारण सगळ्या बायका एकदम हसल्या. मी त्या चपलांच्या ढिगाकडे बघत उभा. मला सांगता आलं असतं की त्या रात्रीतून माझ्या बशा जाग्या झाल्या. जन्म झाल्याशिवाय किंवा औषधाशिवाय जे उठत नाही ते उठलं. निदान माफी तरी मागता आली असती.

"कशी हायत आता?" त्यांनी विचारलं.

आणि मी म्हणालो, "बरी आहेत."

त्यांचा चेहरा असा उजळला की बस. आत गेल्या आणि दोन पुड्या घेऊन आल्या. "ही तुमच्या हापिसातल्या मान्सास्नी. आन् ही ल्हान त्यांच्या वाटची. ती खात नसत्याल, म्हाईत हाय मला. पर वाटा काढावा."

सोमवारी दोन्ही पुड्या बसमधून चाकणला नेल्या. उंदीरकाकाच्या मांडीवर घुगऱ्या. लॅबमध्ये खाणं न्यायला बंदी, म्हणून कॅन्टीनमध्ये सोडल्या. मोठी पुडी सगळ्यांनी मिळून संपवली. केतकीने लहान पुडीला हात घातला, तर माझ्या तोंडून "ती नको" असं निघून गेलं.

"का? कोणाची आहे?"

मी तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या सुपारीसकट. म्हटलं, आता ही हसेल, आणि हसलीच पाहिजे. ती हसली नाही. बराच वेळ पुडीचा दोरा सोडत-बांधत बसली. मग म्हणाली, "सर, माझा यावर विश्वास नाही."

"माझाही नाही."

"पण त्यांच्या आईचा विचार आपण दोघांनी कधी केला नव्हता, हे खरं."

पुडी आम्ही इमारतीमागच्या करंजाखाली ठेवली. चिमण्यांनी खाल्ली असेल.

तुम्ही मला स्पष्टीकरण विचाराल. माझ्याकडे नाही. एका पूजेने बशीतलं एन्झाइम उठतं हे मी आजही मानत नाही. पण ते कशाने उठलं याचंही उत्तर मला देता येत नाही, आणि मी शोधायचं काही बाकी ठेवलेलं नाही. कधी वाटतं आमचीच काहीतरी चूक. कधी वाटतं, माझ्या त्या 'ऊठ गं सोने'नेच... जाऊ द्या. ते तर पूजेपेक्षाही हास्यास्पद आहे.

माफीचं वाक्य अजून पाठ आहे. नात आता सगळं घर धरून धरून फिरते. गेल्या रविवारी रावेतला गेलो होतो, तर विहीणबाई तिला मांडीवर घेऊन मऊ भात भरवत होत्या. मला बघून त्यांनी नेहमीसारखी ख्यालीखुशाली विचारली. घर, तब्येत, कांद्याची लागण, सगळं झालं. मग घास तसाच हातात ठेवून म्हणाल्या, "आन् तुमची ती पिल्लं? आता मोठी झाली असत्याल, न्हाई?"

मीनल माझ्याकडे बघत होती. तिला काही माहीत नाही.

"हो," मी म्हणालो. "झालीत मोठी."